अंगावर काढलेले दिवस

पदव्युत्तर वर्गाच्या लोकसाहित्य आणि बोली या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांकडून एक लहानसा शब्दसंग्रह करवून घेतो. एका वर्षी शेतीच्या अवजारांची नावे झाली, एका वर्षी सोयरसुतकाचे शब्द झाले. मागील वर्षी मुलींनीच आग्रह धरला आणि विषय ठरला : मासिक पाळीविषयी घरात बोलले जाणारे शब्द. वर्गातील मुलगे प्रथम माना खाली घालून बसले. पुढे त्यांतील दोघांनी आईला आणि आजीला विचारून आणलेल्या याद्याच सर्वांत मोठ्या निघाल्या, हेही येथे नोंदवून ठेवायला हवे.

शब्द पुष्कळ आले. पाळी, विटाळ, अडचण, कावळा शिवणे, बाहेर बसणे, दूर होणे, शिवायची नसणे, महिना येणे, न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे. शहरी घरांतून एमसी, डेट, प्रॉब्लेम. वह्या तपासताना आम्ही दोघी विभागाच्या खोलीत बसून एकमेकींना शब्द वाचून दाखवत होतो आणि मराठी भाषेच्या समृद्धीचे नेहमीचे समाधान अनुभवत होतो. एका वहीच्या शेवटच्या पानावर मात्र शब्द नव्हता. पेन्सिलीने लिहिलेला एक प्रश्न होता : पाळीच्या आधी आठवडाभर छाती दुखते, कपड्याचा स्पर्शही नको होतो, त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात? आईला विचारले तर ती म्हणाली, त्याला काही म्हणत नाहीत.

आम्ही दोघी पंचेचाळिशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. दोघींनाही हा अनुभव तीस वर्षांचा. वीसेक वर्षे एका खोलीत शेजारी बसून आम्ही केशवसुतांपासून विद्यापीठाच्या परिपत्रकांपर्यंत सर्व विषयांवर बोललो, भांडलो. या विषयावर एकमेकींशी चकार शब्द काढलेला नव्हता. त्या मुलीच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख त्या न देता आलेल्या उत्तराविषयी आहे.

प्रथम आलेल्या शब्दांकडेच नीट पाहावे. विटाळ कोणाला होतो? बाईला स्पर्श करणाऱ्याला. शिवायचे नाही, ते कोणी? घरातल्या इतरांनी. बाहेर आणि दूर ही क्रियाविशेषणे कोणाच्या जागेवरून मोजलेली आहेत? देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या. अडचण कोणाची? ज्यांना त्या दिवशी पाणी भरणारे आणि भाकरी थापणारे हात मिळणार नाहीत त्यांची. कावळा शिवला हा तर घरातल्या लहान मुलांना गप्प करण्यासाठी योजलेला शब्द. न्हाण येणे आणि पदर येणे हे शब्द वरवर कौतुकाचे, पण त्यांचा खरा श्रोता लग्न जमवणारा. पाळी आणि महिना हे दोन शब्द तेवढे निर्मळ कालवाचक आहेत. म्हणजे रक्तस्रावाच्या दिवसांभोवती भाषेने जी एवढी वस्ती उभारली, तिच्यातील बहुतेक घरे इतरांच्या सोयीची आहेत. त्या दिवसांचे नियमन करायचे होते, म्हणून त्यांना नावे हवी होती.

आधीच्या आठवड्याने कोणाचे काहीच अडत नाही. त्या दिवसांत बाई देवाला शिवते, लोणच्याच्या बरणीत हात घालते, बसमध्ये गर्दीत उभी राहते, पाच तास सलग शिकवते. तिचे दुखते, पण त्या दुखण्याचा विटाळ कोणाला होत नाही. जे दुखणे कोणालाही बाधत नाही, त्याला नाव मिळाले नाही. आमचे मुख्य म्हणणे एवढेच आहे. भाषेने स्त्रीच्या देहातील जे जे इतरांशी संबंधित होते त्याची नोंद ठेवली आणि जे केवळ तिचे एकटीचे होते ते नोंदीबाहेर राहिले.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत तर या काळाला एक नाव आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. तेथे स्त्रीच्या महिन्याचे तीन भाग केलेले दिसतात : रजःस्रावाचा काळ, ऋतुकाल आणि ऋतुव्यतीत काल. नाव आहे, पण कसे? ऋतू ज्यात उलटून गेला तो काळ. गर्भधारणेची संधी गेली, म्हणून उरलेले दिवस. सुश्रुताने या काळातील गर्भाशयाला दिवस मावळताना मिटणाऱ्या कमळाची उपमा दिली आहे. उपमा सुंदर आहे आणि तिच्यातली दृष्टी स्पष्ट आहे : शेत पेरायचे राहिले, दार मिटले. मिटलेल्या दाराआड कोणी राहते आहे काय, हे विचारण्याचे तेथे कारण नव्हते.

विटाळाविरुद्ध मराठीत जे बंड झाले तेही याच हद्दीत झाले. तेराव्या शतकात चक्रधरांनी रजस्वलेचा विटाळ मानण्याचे नाकारले. देहाच्या इतर द्वारांतून जसे स्राव बाहेर पडतात तसाच हा एक, अशी त्यांची भूमिका लीळाचरित्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. सोयराबाईंनी पुढे जाऊन, ज्या देहाला विटाळ म्हणता तो देह विटाळातूनच घडला आहे, असा युक्तिवाद केला. दोन्ही वचने आम्ही वर्गात शिकवतो आणि शिकवताना आमचा स्वर चढतो. परंतु ही दोन्ही उत्तरे आहेत आणि प्रश्न दुसऱ्याने विचारलेला आहे. विटाळ आहे की नाही, हा प्रश्न समाजाचा. दुखते की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, त्यामुळे त्याचे उत्तर देण्याचीही वेळ कोणावर आली नाही. आजही स्थिती फार निराळी नाही. २०१८ साली सॅनिटरी पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला, त्याच वर्षी त्यावर हिंदी चित्रपट आला, शाळाशाळांतून मुलींना पॅड वाटले जाऊ लागले. हे सर्व आवश्यकच होते. पण पुन्हा सारी चर्चा रक्ताची आहे, कारण रक्त दिसते आणि डाग पडतो.

आता त्या छाती या शब्दाकडे वळतो. आमच्यापैकी एकीला दोन वर्षांपूर्वी या दुखण्याने फार हैराण केले. पूर्वी तीन-चार दिवस असणारे दुखणे पंधरा-पंधरा दिवस राहू लागले. शेवटी ती एका डॉक्टरांकडे गेली. वयस्क, भला माणूस. तिने सांगितले, "डॉक्टर, छातीत दुखतंय." त्यांनी रक्तदाब पाहिला, डावा हात दुखतो का विचारले आणि लगोलग ईसीजी काढायला पाठवले. पट्टी निर्दोष आली. मनावर ताण घेऊ नका, असा सल्ला घेऊन ती परत आली. चूक डॉक्टरांची नव्हती. छातीत दुखणे याचा मराठीत एकच अर्थ होतो. छाती दुखणे याचा दुसरा होऊ शकतो. पोट दुखते आणि पोटात दुखते यांत कोणी फरक करीत नाही, डोके दुखते आणि डोक्यात दुखते यांत थोडासा करतो. परंतु येथे एका सप्तमीच्या प्रत्ययाने रुग्ण हृदयरोग्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. व्याकरण शिकवण्यात उभे आयुष्य घालवलेल्या बाईने ही चूक का करावी? कारण तिला तो प्रत्यय हवा होता. छाती दुखते असे म्हटले असते तर समोरच्या पुरुषाचे लक्ष जेथे गेले असते तेथे ते जाऊ नये, म्हणून तिने दुखणे आत ढकलले.

स्तन हा शब्द आपल्याकडे आहे. तो ग्रंथांत आहे, जाहिरातीत आहे, आता रुग्णालयांच्या फलकांवरही आहे. बोलण्यात मात्र नाही. बोलण्यात आहे तो अंग हा शब्द, आणि त्याच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. बाळाला अंगावर पाजतात. अंगावरून जाते ते पांढरे पाणी किंवा रक्त. गर्भाशय खाली सरकले तर अंग बाहेर आले असे म्हणतात. कोणी अंगाला हात लावला म्हणजे काय, हे प्रत्येक मुलीला समजते. स्तन, योनी, गर्भाशय, सगळी त्वचा, सगळी अब्रू : बाईच्या देहातील जे जे उच्चारता येत नाही ते सर्व या एका शब्दाच्या पदराखाली घेतलेले आहे. शब्द मायाळू आहे, यात शंका नाही. सासरच्या घरात, चारचौघांत, सुईणीला किंवा जावेला काही सांगायचे तर त्याने बायकांची लाज राखली. पण झाकणाऱ्या शब्दाने जागा दाखवता येत नाही. आणि याच शब्दाचा आणखी एक वाक्प्रचार आहे : दुखणे अंगावर काढणे. तो काही केवळ बायकांचा नव्हे, ताप तर पुरुषही अंगावर काढतात. तरीही आमच्या घरांतून हा वाक्प्रचार ज्या सुरात बोलला गेला, तो सुर तक्रारीचा नव्हता, कर्तबगारीचा होता.

आमच्यापैकी दुसरीच्या मावशीने अशीच एक गाठ चौदा महिने अंगावर काढली. ती गाठ दुखत नव्हती. मावशींचे तर्कशास्त्र सरळ होते : तरुणपणी दर महिन्याला एवढे दुखायचे, गाठीगाठी लागायच्या, आपोआप जायच्या, ही तर दुखतही नाही. त्या कोणाशी बोलल्या नाहीत, कारण त्या वेळीही कधी कोणाशी बोलल्या नव्हत्या. निदान झाले तेव्हा उशीर झाला होता आणि पुढे दोन वर्षांत त्या गेल्या. ईसीजीची गोष्ट आम्ही हसत सांगू शकतो. ही सांगू शकत नाही. दोन्ही गोष्टींचे मूळ मात्र एकच आहे. ज्या दुखण्याला भिण्याचे कारण नव्हते त्याने एकीला घाबरवले आणि जिच्याकडे पाहायला हवे होते ती न दुखणारी गाठ दुसरीने ओळखली नाही. या दोहोंमधला भेद सांगणारी साधी बोली घरात कोणापाशी नव्हती.

हा भेद येथे मांडून ठेवतो. साहित्याच्या लेखात तो अस्थानी वाटल्यास वाटो. पाळीपूर्वीचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना असते, एका बिंदूत नसून पसरलेले असते, वरच्या-बाहेरच्या भागात जास्त असते आणि काखेकडे सरकते. बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत संप्रेरकांमुळे स्तनातील दुग्धग्रंथी आणि नलिका वाढतात, पाणी धरून ठेवतात. स्राव सुरू झाला की ते ओसरते. बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हे होते आणि केवळ एवढ्यानेच कर्करोगाचा संशय घेण्याचे कारण नसते. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली की दुखण्याचा हिशेबही बिघडतो, ते वाढूही शकते. पाळी थांबल्यावर सहसा ते जाते. चांगला आधार देणारी, मापाची अंतर्वस्त्रे आणि वर लावायची वेदनाशामक जेल यांनी पुष्कळींना बरे वाटते. प्रिमरोज तेलाच्या गोळ्यांचा फार बोलबाला झाला, पण चाचण्यांत त्यांचा खास गुण आढळलेला नाही. याउलट, पाळी येऊन गेल्यावरही राहणारी गाठ, एकाच जागी टिकून राहणारे दुखणे, बोंडातून येणारे रक्त, बोंड आत ओढले जाणे, कातडीला पडलेली खळी, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. स्तनाचा कर्करोग आरंभी पुष्कळदा दुखत नाही. भारतातील स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने जाऊन हातानेच स्तनतपासणी करीत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या तपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यंत्र नव्हते, हात होते आणि बोलणे होते. आम्हांला त्या सेविकांविषयी भाषेच्या अंगाने कुतूहल वाटते. दारात उभ्या असलेल्या, पदर घट्ट धरलेल्या बाईला त्यांनी पहिले वाक्य कोणत्या शब्दांत सांगितले असेल? आमच्या भाषाविज्ञानाच्या कोणत्याही प्रबंधाचा तो विषय झालेला आमच्या पाहण्यात नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांचा आजारपणावरील १९२६ चा निबंध इंग्रजीच्या अभ्यासकांकडून वारंवार उद्धृत होतो. हॅम्लेटचे विचार पेलणाऱ्या इंग्रजी भाषेला डोकेदुखीसाठी मात्र शब्द सापडत नाहीत, अशी त्यांची प्रसिद्ध तक्रार आहे. ही तक्रार मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि येथेच आमचा प्रश्न अधिक अवघड होतो. मराठी दुखण्याच्या शब्दांनी गच्च भरलेली आहे. दुखरी दाढ ठणकते, पिकलेले गळू ठुसठुसते, काटा सलतो, जखम चुरचुरते, कंबरेत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पोटात कळ येते, पाय भरून येतात, मान अवघडते. आणि भाजून बरी होत आलेली कातडी हुळहुळी असते. वाऱ्याचा स्पर्शही तिला सोसत नाही. त्या मुलीला जो शब्द हवा होता तो हाच नव्हे काय? बाळंतिणीचे दूध दाटते, तेव्हाचा ताठरपणा, जडपणा, ओढ यांचे शब्दही आहेत. शब्द होते, घरातच होते. त्यांना त्या एका जागी नेण्याची मुभा मात्र कोणी घेतली नाही. उणीव कोशात नव्हती.

साहित्याने ती मुभा घ्यायला हवी होती, असे कोणी म्हणेल. मराठी साहित्यात स्तन नाहीत असे नव्हे, भरपूर आहेत. पंडित कवींच्या नखशिखान्त वर्णनांत ते संस्कृतातून आलेल्या कलशांच्या आणि कमळांच्या रूपाने आहेत. शाहिरांच्या लावणीत ते चोळीच्या तंगपणासह अधिक मोकळेपणाने आहेत. दुसरीकडे पान्हा आहे. वारकरी संतांनी तर विठ्ठलालाच माउली करून त्याच्या पान्ह्याची वाट पाहिली. देवाला स्तन देणारी आपली परंपरा आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. पण प्रियकराचे आणि लेकराचे, या दोन मालकांपलीकडे या अवयवाला तिसरे घर मिळाले नाही. ज्या आठवड्यात तो कोणाचाच नसतो, कोणी जवळ आलेलेही नको असते आणि पाजायला कोणी नसते, त्या आठवड्यातला तो मराठी कवितेने क्वचितच पाहिला. आम्ही आमच्या वाचनाची मर्यादा मान्य करतो. तरी दोघींनी मिळून आठवायचा प्रयत्न केला आणि हाती फारसे काही लागले नाही.

आधुनिक काळात वाट तयार करणारे होते. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे समाजस्वास्थ्य चालवले आणि शरीराच्या गोष्टी साध्या मराठीत लिहिता येतात हे दाखवून दिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले. विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे हा गुन्हा ठरू शकतो, हा धडा मराठी लेखकांनी, आणि विशेषतः लेखिकांनी, किती खोल मनात मुरवून घेतला असेल? त्याच सुमारास, १९३३ साली, कळ्यांचे निःश्वास लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावाआड राहावे लागले, आणि त्या कथांत तर देहापेक्षा मनाचाच कोंडमारा अधिक होता. पुढच्या पिढ्यांत स्त्रियांच्या कवितेत आणि कथेत पाळी आली, गर्भपात आला, बलात्कार आला. मोठ्या घटनांना साहित्य दार उघडते. दर महिन्याला येणारे, नाट्य नसलेले, कोणी खलनायक नसलेले दुखणे कथानक पुढे नेत नाही. रीटा वेलिणकरसारखी कादंबरी मराठीत लिहिणाऱ्या शांता गोखले यांनी देहाच्या अवयवांच्या आधाराने आपले आयुष्य सांगितले, ते पुस्तक २०१९ मध्ये प्रथम इंग्रजीत आले. हा त्यांचा अधिकार आहे आणि त्या दोन्ही भाषांच्या लेखिका आहेत. तरी मराठीच्या प्राध्यापकांना ही गोष्ट थोडी टोचावी.

इंग्रजीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. आमच्या विद्यार्थिनी आज पीएमएस म्हणतात. या संकल्पनेचे मूळ १९३१ चे. रॉबर्ट फ्रँक या अमेरिकी डॉक्टराने पाळीपूर्व ताण अशा अर्थाचे नाव दिले. १९५३ साली ग्रीन आणि डाल्टन या ब्रिटिश वैद्यकांनी ताणाच्या जागी लक्षणसमूह आणला, कारण ताण हे त्यातील एकच लक्षण होते. लोकांत मात्र ताणच राहिला. आज पीएमएस हा शब्द मुलांच्या तोंडी चिडक्या मुलीवरील विनोद म्हणून फिरतो. म्हणजे येथेही इतरांना जे जाणवते, तिचा राग, तेच नावाने धरले. तिला जे जाणवते ते निसटले. उसना शब्द घेऊन आपली सुटका होईल, या आशेवर आम्ही म्हणूनच फार विसंबत नाही. आवर्ती स्तनवेदना ही परिभाषा निर्दोष आहे, पण रात्री कुशीवर वळताना कळवळलेली कोणती बाई ती उच्चारील?

आमच्या विरोधातील सर्वांत भक्कम मुद्दा आम्हांला एका निवृत्त सहकारी बाईंनी सुचवला. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या आयांना पाळी यायचीच किती वेळा? एक पोटात, एक अंगावर." आम्ही निरुत्तर झालो. सातआठ बाळंतपणे आणि प्रत्येकानंतर दीर्घ काळ अंगावर पाजणे, यांमुळे जुन्या काळच्या स्त्रीच्या वाट्याला आलेल्या पाळ्यांची संख्या आजच्या स्त्रीपेक्षा कितीतरी कमी होती, ही गोष्ट खरी आहे. हे दुखणे तिला आमच्याइतक्या वेळा भेटले नसेल. तेव्हा नाव नसण्याचा सगळा दोष परंपरेच्या दुष्टपणावर टाकता येत नाही. आमचे वरचे विवेचन तेवढ्यापुरते सौम्य करून वाचावे. परंतु मग नाव देण्याची जबाबदारी नेमकी आमच्या पिढ्यांवर येते, आणि आम्ही ती तीस वर्षे पार पाडली नाही.

दुसरा आक्षेप एका सहकारी सरांचा : प्रत्येक दुखण्याचे साहित्य करायचे काय? नाही. आम्ही कवितेची मागणी करीत नाही. आधी वाक्य हवे आहे.

ते वाक्य आमच्यापैकी एकीला अनपेक्षित ठिकाणी सापडले. ईसीजीनंतर काही महिन्यांनी ती एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी तपासले, सोनोग्राफी करून घेतली आणि एक कागद दिला. त्यावर तीन महिन्यांचे चौकोन होते. रोज रात्री त्या दिवसाच्या दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा आणि पाळीच्या दिवसांवर खूण करायची. दुखणे चक्राबरोबर चालते की स्वतंत्रपणे, हे त्यावरून समजते. पहिले चार दिवस तिने निमूटपणे आकडे भरले. पाचव्या दिवशी सहा लिहिले आणि ते खोटे वाटले, म्हणून शेजारी बारीक अक्षरात लिहिले : जड. पुढच्या दिवशी : दाटल्यासारखे, काखेपर्यंत. मग : जिना उतरताना हाताने धरावे लागले. मग : ठुसठुस, डावीकडे अधिक. मग : हुळहुळे, ओढणीही नको. मग एका दिवशी शून्य आणि शेजारी : आली, निवले. तीन महिन्यांनी चौकोनांच्या समासांत जागा उरली नव्हती. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, आकड्यांवरून बोट फिरवले, मग शब्दांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे उपयोगाचं आहे. हे हुळहुळे तर फारच." औषध त्यांनी साधेच दिले. दुखणे आजही येते, पण ती घाबरत नाही.

तो कागद तिने विभागाच्या खोलीत दुसरीला दाखवला, तेव्हा आमची या विषयावरची पहिली बातचीत झाली. वीस वर्षांनी. तो कागद आम्हा दोघींच्या हातून आजवर झालेल्या लेखनातील सर्वांत नेमके मराठी लेखन आहे, असे आमचे मत झाले आहे. शोधनिबंधांची यादी तपासणाऱ्या समितीला ते पटणार नाही.

या वर्षीच्या शब्दसंग्रहात आम्ही एक नवा रकाना वाढवला आहे : पाळीपूर्वीच्या दिवसांतील दुखण्याचे शब्द. त्या रकान्याच्या मथळ्यावरून आम्हा दोघींत वाद झाला आणि तो मिटलेला नाही. एकीचे म्हणणे, मथळ्यात स्तन हाच शब्द हवा. वर्गात तो दहादा उच्चारला की त्याची नजर मरते, आणि मुलग्यांनीही तो ऐकावा. दुसरीचे म्हणणे, विद्यार्थिनी घरी जाऊन आजीला हा शब्द विचारणार नाहीत. त्या छातीच म्हणतील, आणि आपल्याला आजीकडचे शब्द हवे आहेत. पहिली म्हणते, छाती म्हटले की पुन्हा ईसीजी. दुसरी म्हणते, प्रत्यय नीट लावायला शिकवू. तूर्त मथळ्यात दोन्ही शब्द तिरक्या रेघेने वेगळे करून छापले आहेत. गेल्या वर्षी ज्या मुलीने प्रश्न लिहिला होता ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आपल्या जुन्या वहीत, त्याच प्रश्नाखाली, आत्याकडून आणलेले दोन शब्द लिहून दिले : टपोरणे आणि अंग जागे होणे. पहिला आम्ही फुलांविषयी आणि मोत्यांविषयी ऐकला होता, या अर्थाने नाही. दुसरा दोघींनाही नवा आहे. कोणाच्या घरात तो बोलला जात असल्यास अवश्य कळवावे.